कृमी डावीकडेच का जातात?

गेली सात वर्षं दर उन्हाळ्यात आमच्या लॅबमध्ये सोळा-सतरा वर्षांचं एक मूल सहा आठवड्यांसाठी येतं. विद्यापीठाचाच उपक्रम आहे. विज्ञानाची ओढ असलेली, अजून शाळेत शिकणारी मुलं अर्जांमधून निवडली जातात, वेगवेगळ्या विभागांत पाठवली जातात, प्रत्येकाला एक मार्गदर्शक मिळतो आणि शेवटच्या शुक्रवारी मोठ्या दालनात सगळ्यांची पोस्टरं लागतात. आमच्या लॅबमध्ये मार्गदर्शक मी.

अर्जांचे दिवस आले की ओळखीतून फोन सुरू होतात. आमच्या मुलीला घेतील का, मार्क किती लागतात, शिफारसपत्र कोणाचं आणावं, पुढे कॉलेजच्या प्रवेशाला याचा उपयोग होतो का. प्रश्न रास्त आहेत, आईवडिलांना ते पडणारच. पण एकदा आत आल्यावर त्या सहा आठवड्यांत नक्की काय होतं, हे सात वर्षांत मला एकाही पालकानं विचारलेलं नाही. म्हणून आज तेच लिहायला बसलेय. तीन वर्षांपूर्वी आलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते. तिचं नाव देत नाही. लिहू का असं तिला विचारलं होतं, ती हो म्हणाली.

आधी आमच्या प्राण्याची ओळख करून देते. आम्ही सी. एलेगन्स नावाच्या कृमीवर काम करतो. लांबी जेमतेम एक मिलिमीटर, अंग काचेसारखं पारदर्शक. २० अंश सेल्सिअसला ठेवला तर अंड्यापासून प्रौढ व्हायला त्याला तीनेक दिवस पुरतात. प्रौढ उभयलिंगी कृमीच्या अंगात, जननपेशी सोडल्या तर, ९५९ पेशी असतात आणि त्यांतल्या ३०२ चेतापेशी. हे आकडे अंदाजाचे नाहीत, एकेक करून मोजलेले आहेत. जॉन सल्स्टन तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचे आणि कुठली पेशी कधी दुभंगली याची नोंद करत जायचे. गर्भातल्या पेशींचा असा संपूर्ण वंशवृक्ष त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे २००२ मध्ये सिडनी ब्रेनर आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिल्याच दिवशी हे सांगते. संशोधन म्हणजे अचानक डोक्यात पडणारा उजेड, असं बऱ्याच मुलांना वाटत असतं. टक लावून बघणं आणि जे दिसलं ते लिहून ठेवणं हेही संशोधन असतं, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

शाळकरी मुलांसाठी हा प्राणी फार सोयीचा आहे. सोमवारी काही बिघडलं तर गुरुवारपर्यंत नवी पिढी हाताशी असते. उंदरांवर काम करणाऱ्या लॅबमध्ये सहा आठवडे परवानग्या आणि प्रशिक्षणातच निघून जातात. आमच्याकडे मुलांना चुकायला वेळ मिळतो.

पण पहिल्या वर्षी चुकले ती मी. त्या वर्षी आलेल्या मुलाला मी आधीच काढून ठेवलेले फोटो दिले आणि प्रत्येक फोटोतले चमकणारे ठिपके मोजायला सांगितले. काम बिनधोक होतं, शिकवायला सोपं होतं, बिघडण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यानं सहा आठवडे मन लावून मोजलं. आकडे नीट आले, पोस्टर देखणं झालं. निरोप घेताना त्यानं विचारलं, "हे उत्तर तुम्हाला आधीच माहीत होतं ना?"

माहीत होतं. त्या कामाचा लेख जवळजवळ लिहून झाला होता. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, तो फक्त खात्री करून घेत होता, आणि मला तेच जास्त लागलं. एका हुशार मुलाचा एक अख्खा उन्हाळा मी हातकामात घालवला होता, आणि त्याला ते कळलेलं होतं.

त्या हिवाळ्यात मी असे जुने उपक्रम कसे चालतात हे समजून घ्यायला बसले. अमेरिकेत त्यांची परंपरा मोठी आहे. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक आकाशात गेला आणि विज्ञानशिक्षणात आपण मागे पडलो की काय या काळजीनं तो देश हलला. त्याच वातावरणात १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओहाय गावच्या थॅचर स्कूलमध्ये समर सायन्स प्रोग्रॅम सुरू झाला. आज तो वेगवेगळ्या विद्यापीठांत भरतो आणि त्यात इतर विषयही आले आहेत, पण त्याचं मूळ काम साठ वर्षांहून जास्त काळ एकच राहिलं आहे. तिघातिघांच्या गटानं पृथ्वीच्या जवळून जाणारा एक लघुग्रह निवडायचा, रात्री दुर्बिणीला बसून त्याचे फोटो घ्यायचे, मागच्या ताऱ्यांवरून त्याची जागा मोजायची आणि त्या मोजक्या नोंदींवरून त्याची कक्षा काढायची. १८०१ मध्ये नुकताच सापडलेला सेरेस हा लघुग्रह दिसेनासा झाला तेव्हा गणितज्ञ गाउसनं जी पद्धत शोधली, तीच मुलं शिकतात आणि त्यासाठीचा प्रोग्रॅम स्वतः लिहितात. शेवटी त्यांची निरीक्षणं मायनर प्लॅनेट सेंटरकडे जातात, जिथे जगभरातल्या लघुग्रहांच्या नोंदी ठेवल्या जातात.

हे वाचताना मी थबकले. त्या लघुग्रहाची कक्षा ढोबळमानानं आधीच ठाऊक असते. पण त्या रात्री, त्या ठिकाणाहून तो नेमका कुठे दिसला, ही नोंद त्या तिघांखेरीज कोणाकडेही नसते. प्रश्न लहान आहे, तरी त्याचं उत्तर कोणाच्याही कपाटात तयार ठेवलेलं नाही. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात नेमकं हेच नव्हतं.

मोबाइलच्या चिप बनवणाऱ्या क्वालकॉम कंपनीचे एक संस्थापक फ्रँकलिन अँटोनिओ शाळेत असताना याच उपक्रमात गेले होते. २०२२ मध्ये ते वारले, आणि त्यांनी या उपक्रमासाठी सुमारे २० कोटी डॉलर ठेवल्याचं नंतर कळलं. शाळेच्या वयातला एक उन्हाळा माणसाच्या मनात अर्धशतक कसा राहत असेल, याचा विचार मी बरेच दिवस करत होते.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात सांगते. एमआयटीत भरणारी रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट १९८४ पासून चालू आहे. सहा आठवड्यांतला पहिला आठवडा वर्ग, मग प्रत्येकाला प्रत्यक्ष संशोधन करणारा मार्गदर्शक, शेवटी लेख आणि सादरीकरण, आणि निवड झालेल्यांना शुल्क नाही. गणिताकडे वळलं तर आर्नोल्ड रॉस यांनी १९५७ मध्ये सुरू केलेला उपक्रम आहे. त्यात प्रयोगशाळा नाही, उपकरणं नाहीत. संख्यांचे अगदी प्राथमिक वाटणारे गुणधर्म घ्यायचे आणि ते स्वतः सिद्ध करायचे, एवढंच. साध्या गोष्टींचा खोलवर विचार करा, हे त्याचं ब्रीद.

आणि एक गोष्ट मला सगळ्यात आवडते. डेव्हिड बाल्टिमोर शाळेत असताना एका उन्हाळ्यात मेन राज्यातल्या बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत गेले. तिथे त्यांना थोडा मोठा असलेला आणखी एक विद्यार्थी भेटला, हॉवर्ड टेमिन. १९७० मध्ये या दोघांनी वेगवेगळ्या लॅबमध्ये, स्वतंत्रपणे, आरएनएवरून डीएनए बनवणारं विकर (एन्झाइम) शोधलं, आणि १९७५ चं नोबेल रेनाटो डुल्बेको यांच्यासह दोघांना मिळालं. उन्हाळी शिबिरातून नोबेल निघतं असं मी मुळीच म्हणत नाही. पण शाळेच्या वर्गात एकटं पडलेलं मूल तिथे आपल्यासारख्याच दुसऱ्या कुणाला तरी भेटतं. आमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या तोंडून मी हे दर वर्षी ऐकते. "इथे मला कुणी थांबवत नाही," असं एकानं सांगितलं होतं. शाळेत तो प्रश्न विचारायला लागला की बाकीची मुलं उसासे टाकायची.

तर ती मुलगी. तिच्या अर्जात पारितोषिकांची यादी नव्हती. घरात पाण्याच्या नळाखाली तयार होणाऱ्या डागावर तिनं एक परिच्छेद लिहिला होता. डाग रोज किती वाढतो हे तिनं मोजलं होतं, मध्येच तो वाढायचा थांबला होता, आणि का थांबला ते आपल्याला अजून कळलेलं नाही, असं तिनं सरळ लिहिलं होतं. अर्ज वाचणाऱ्या आमच्या गटात यावर मतभेद झाले. दुसऱ्या एका अर्जदाराच्या नावावर स्पर्धांची पदकं होती आणि एका मोठ्या लॅबमधलं काम होतं. मी हट्टानं हिलाच मागून घेतलं. न कळलेली गोष्ट न लपवता लिहिणारं मूल माझ्या अनुभवात दुर्मीळ आहे.

या वेळी मी तिला असा प्रश्न दिला, ज्याचं उत्तर मला खरोखर माहीत नव्हतं. डायअसिटाइल नावाचं एक रसायन आहे, त्याला लोण्यासारखा वास येतो. आमच्या कृमींना तो फार आवडतो. तो ओळखणारा ओडीआर-१० हा ग्राही, म्हणजे पेशीवरचं वास पकडणारं प्रथिन, १९९६ मध्ये सापडला, आणि एडब्ल्यूए नावाच्या चेतापेशींच्या एकाच जोडीवर तो काम करतो. पण त्याच वासात कृमीला बराच वेळ ठेवलं की त्याला वासाची सवय होते आणि तो वासाकडे धावेनासा होतो. आमच्या एका उत्परिवर्तित, म्हणजे जनुकात बदल झालेल्या, वाणात ही सवय किती वेळानं उतरते, हे तिनं शोधायचं होतं.

प्रयोग दिसायला साधा असतो. अगारची, म्हणजे जेलीसारखा थर असलेली, दहा सेंटिमीटरची गोल डिश घ्यायची. एका कडेला इथेनॉलमध्ये विरल केलेल्या डायअसिटाइलचा थेंब ठेवायचा, समोरच्या कडेला नुसत्या इथेनॉलचा. दोन्ही ठिकाणी सोडियम अझाइडचा इवलासा थेंब, म्हणजे तिथे पोचलेला कृमी तिथेच लुळा पडतो आणि मोजता येतो. अझाइड विषारी असतं, अठरा वर्षांखालच्या मुलांनी त्याला हात लावायचा नाही असा आमच्या लॅबचा नियम आहे, त्यामुळे ते थेंब दर वेळी मी ठेवायचे. मध्यभागी शंभरेक धुतलेले कृमी सोडायचे, तासभर थांबायचं, मग मोजायचं. वासाकडे गेलेल्यांतून दुसरीकडे गेलेले वजा करायचे आणि एकूण संख्येनं भागायचं. सगळे वासाकडे गेले तर उत्तर १. कुणालाच फरक पडला नाही तर शून्य.

शून्य येतं की नाही हे बघायला कंट्रोलच्या डिश असतात. त्यांत दोन्ही बाजूंना नुसतं इथेनॉल. कृमींनी इकडे जायचं काही कारण नाही, तिकडे जायचंही नाही.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती वही घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "कंट्रोल चुकतोय," ती म्हणाली. मी आकडे बघितले. एका डिशमध्ये १२० कृमींपैकी डावीकडे ६२, उजवीकडे ३३, बाकीचे मध्ये. म्हणजे ०.२४. बाकीच्या डिशही तशाच होत्या, कुठे ०.२, कुठे ०.३. एकही उजवीकडे कललेली नव्हती.

मी तिला सांगितलं की नवीन हात आहे, पिपेट बदल, पुन्हा कर. हे वाक्य आज आठवलं तरी खटकतं. नवख्या माणसाचा आकडा वेडावाकडा आला की चूक त्याच्या हातात शोधायची, ही सवय आपल्याला कधी लागते ते कळतही नाही. तिनं पिपेट बदललं, इथेनॉलची नवी बाटली उघडली, कृमी एक वेळ जास्त धुतले. पुन्हा डावीकडे.

"मग डिशमध्ये काहीतरी असेल," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी काय केलं ते मला दाखवलं. प्रत्येक डिशच्या तळाला मार्करनं अ आणि ब अशा बाजू लिहिल्या. अर्ध्या डिशमध्ये अ बाजू डावीकडे ठेवली, उरलेल्या अर्ध्या १८० अंशांतून फिरवून ठेवल्या, म्हणजे अ उजवीकडे आली. दोष डिशचा किंवा थेंबांचा असता तर कृमींचा कल डिशबरोबर फिरला असता. तो फिरला नाही. डिश कशीही ठेवा, कृमी खोलीच्या डाव्या अंगालाच जात होते. हा प्रयोग मी तिला सुचवलेला नव्हता. वहीतला तो आखलेला चौकोन, चार रकाने, खाली पेन्सिलीनं लिहिलेलं "बाहेरचं काहीतरी" हे दोन शब्द, मला अजून डोळ्यांसमोर दिसतात.

मग बाहेरचं काय, याचा शोध सुरू झाला. या कृमींना तापमानातला अगदी बारीक फरक कळतो, म्हणून तिचा पहिला संशय डावीकडच्या सूक्ष्मदर्शकाच्या दिव्यावर होता. तिनं टेबलाच्या दोन्ही टोकांना थर्मामीटर चिकटवले, दिवा बंद ठेवून प्रयोग केला. कल तसाच. टेबल तिरकं आहे का ते बघितलं. नव्हतं. तिसरा आठवडा संपत आला होता आणि तिच्या मूळ प्रश्नाला अजून हातही लागला नव्हता. कार्यक्रमाच्या समन्वयकांकडून पोस्टरचं शीर्षक कळवा म्हणून निरोप आला. इतर मुलांचे आलेख तयार होत होते. त्या संध्याकाळी ती बराच वेळ गप्प बसून होती. मी म्हणाले, हवं तर कंट्रोल बाजूला ठेवू, आपण मूळ प्रयोगाकडे जाऊ. ती म्हणाली, "पण मग त्याच्यातलं किती खरं, ते कसं कळणार?"

तिचं बरोबर होतं. आम्ही थांबलो.

उत्तर सापडलं ते एका डब्यात. खोलीतल्या वाऱ्याचा त्रास नको म्हणून सगळ्या डिश मी एका मोठ्या, झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवायला सांगितल्या होत्या. ही माझी जुनी पद्धत, आमच्या लॅबमध्ये सगळेच तसं करायचे. तिच्या डब्यात डायअसिटाइलच्या डिश डावीकडे आणि कंट्रोल उजवीकडे असायच्या. एकदा तासाभरानं झाकण उघडताना ती थांबली आणि म्हणाली, "वास येतोय." मी वाकले. लोण्याचा हलका वास येत होता. डिशची झाकणं हवाबंद नसतात. डायअसिटाइल बाष्प होऊन बाहेर येत होतं, डब्यात कोंडलं जात होतं आणि शेजारच्या कंट्रोलमध्ये शिरत होतं. ज्याचा वास आपल्याला झाकण उघडल्यावर येतो, तो त्या कृमींना तासभर येत होता.

लगेच खूश व्हायला ती तयार नव्हती. तिनं आधी कंट्रोल वेगळ्या खोलीत नेले. कल गेला, आकडे शून्याच्या दोन्ही बाजूंना विखुरले. मग तिनं मुद्दाम उलटा डबा लावला, वासाच्या डिश उजवीकडे. कंट्रोलमधले कृमी उजवीकडे गेले. ते मोजताना तिचा हात थरथरत होता आणि मी शेजारी उभी राहून श्वास रोखला होता. माझ्या स्वतःच्या कामात असे क्षण फार थोडे आले आहेत.

आता महत्त्वाचा प्रश्न असा, की हे आधी कोणाला का दिसलं नाही? आम्ही तो डबा वर्षानुवर्षं वापरत होतो. तिनं माझ्याकडून दोन वर्षांच्या वह्या मागून घेतल्या आणि दोन दिवस त्यांच्यात डोकं घालून बसली. आमचे कंट्रोल सरासरीनं शून्यच येत होते. कारण आम्ही डिश डब्यात मिळेल त्या जागी ठेवायचो, वासाच्या कधी या बाजूला, कधी त्या. कल रोज होता, पण एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि सरासरीत पुसला जात होता. ती मात्र व्यवस्थित मुलगी. तिचा डबा रोज तंतोतंत सारखा लागायचा. त्या नीटनेटकेपणानं आमची जुनी चूक उघडी पडली. नशिबानं डब्यातल्या जागांची रेखाटनं वहीत होती, त्यावरून तिनं जुने आकडे नव्यानं लावले, आणि तोच कल तिथेही निघाला.

आमच्या आधीच्या कामातली एक आकृती आम्ही त्यानंतर पुन्हा प्रयोग करून काढली. निष्कर्ष टिकला. आकड्यांचा पसारा, म्हणजे एका डिशपासून दुसरीपर्यंतचा फरक, मात्र निम्म्यानं कमी झाला. इतकी वर्षं तो पसारा आम्ही कृमींच्या स्वभावावर ढकलत होतो.

शेवटच्या शुक्रवारी तिचं पोस्टर लागलं. त्यावर उत्परिवर्तित वाण नव्हता, चेतापेशीचं रंगीत चित्र नव्हतं. एक डबा, तीन मांडण्या, आणि प्रत्येक मांडणीखाली ठिपके. एक परीक्षक आले, त्यांनी पोस्टर वाचलं आणि विचारलं, "म्हणजे मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही?"

"नाही," ती म्हणाली. "आठवडे संपले."

ते पुढच्या पोस्टरकडे गेले. तिला पारितोषिक मिळालं नाही. मला याचा राग आला, आणि तो आजही आहे. परीक्षकांशी माझं वैर नाही, त्यांना एका दुपारी डझनावारी पोस्टरं बघायची असतात. पण सहा आठवड्यांत प्रत्येक मुलानं एक चकचकीत निष्कर्ष आणलाच पाहिजे अशी अपेक्षा ठेवली, की मार्गदर्शक काय करतात हे मी स्वतः करून बसलेली आहे: ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा प्रश्न देतात. मूल खूश, पालक खूश, पोस्टर सुंदर, आणि मुलाच्या हाताला खऱ्या संशोधनाचा स्पर्शही नाही. त्यात आता भरमसाठ शुल्क घेऊन काही आठवड्यांत मुलाच्या नावानं लेख छापून देतो असं सांगणारे लोक निघाले आहेत. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, कुठल्याही उपक्रमाची चौकशी करताना एवढं विचारा: मुलाचा प्रयोग फसला तर तुम्ही काय करता? ज्यांच्याकडे याचं उत्तर तयार असेल तिथे मुलाला पाठवा.

आणि मुलांनो, अर्जात काय लिहावं हे तुम्ही विचारता. मला दर वर्षी ढीगभर अर्ज वाचावे लागतात आणि बहुतेकांची सुरुवात "मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे" अशी असते. असेलच, त्याबद्दल मला शंका नाही. पण आवड कशात दिसली ते सांगा. कुठली गोष्ट तुम्ही दोनदा मोजलीत? कुठे अडकलात? त्या नळाखालच्या डागाचा परिच्छेद चार वाक्यांचा होता. आणि निवड झाली नाही तर विद्यापीठातल्या एखाद्या संशोधकाला थेट पत्र लिहा. त्यांचा एक लेख खरोखर वाचा, त्यातलं न कळलेलं एक वाक्य विचारा. दहा पत्रांतली नऊ अनुत्तरित राहतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आमच्या लॅबमध्ये एक मुलगा असाच आला, उपक्रमाशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याच्या पत्रातला प्रश्न इतका नेमका होता की उत्तर देण्याआधी मला स्वतःचा लेख पुन्हा उघडावा लागला.

ती मुलगी आता कॉलेजात आहे. भूगर्भशास्त्र शिकतेय. जीवशास्त्र का सोडलंस म्हणून मी तिला एकदा विचारलं, तर म्हणाली, तो डाग अजून डोक्यात आहे.

तिची वही आमच्याकडेच राहिली, लॅबच्या वह्या लॅबमध्येच राहतात. शेवटच्या पानावर तिनं पुढच्या मुलासाठी सूचना लिहून ठेवल्यात: कंट्रोल कुठल्या खोलीत ठेवायचे, डिश कशा सील करायच्या, आणि झाकण उघडल्यावर आधी नाक वापर. तो जुना डबा मी टाकलेला नाही. वरच्या फळीवर आहे, त्यावर तिच्या अक्षरातली चिठ्ठी तशीच चिकटलेली आहे: "एका वेळी एकच वास." या वर्षीचा मुलगा सोमवारी येतोय. सवय किती वेळानं उतरते, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. तो आता त्याच्याकडे.